घरं न पाडणारा हादरा

कोयनानगरला माझी बदली झाली तेव्हा मी तीन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. सांगलीच्या सपाट रस्त्यांवर स्कूटर फिरवणारी मी. घाटातल्या वळणांवर मी सगळा वेळ पुढच्या सीटची दांडी धरून होते. त्यात क्वार्टर रिकामं नाही म्हणून मला विश्रामगृहाच्या मागल्या खोलीत ठेवलं. पहिल्या संध्याकाळी तिथले खानसामा मुजावरचाचा चहा घेऊन आले. कप ठेवला, बाहेर बघितलं आणि माझी जुनी ओळख असल्यासारखे म्हणाले, "आज वस्तीत धुकं लय उतरलंय, ताई. सावित्रीच्या घराचं दार सुदीक दिसंना."

कोण सावित्री, म्हणून मी विचारलं, तर त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. वेताच्या टेबलावर पुठ्ठ्याचा एक मोठा पट मांडलेला होता. त्यावर विहिरी, पायवाटा, शेताचे चौकोन आणि अंगठ्याएवढी लाकडी घरं. दरीतून वर आलेलं धुकं खरोखरच त्या घरांमधून फिरत होतं. चाचांनी वाकून एका निळ्या घरावर, म्हणजे सावित्रीच्या दारावर, फुंकर घातली. मी मनात म्हटलं, झालं, आधीच जागा अशी आणि त्यात माणूस हा असा.

पाच महिने मी त्या खोलीत काढले, आणि क्वार्टर मिळाल्यावरही संध्याकाळचा चहा त्याच व्हरांड्यात घेत राहिले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला त्या पटाची चटक लागली होती.

खेळ पुण्याच्या एका कंपनीचा. वस्ती वसवायची, विहीर खणायची, ज्याची वस्ती आधी नांदती होईल तो जिंकला. कुणीतरी पाहुणे खोकं विसरून गेले होते. चाचांनी वर्षभर ते कपाटात जपून ठेवलं, पाहुण्यांना दोन पत्रं टाकली, आणि उत्तर येईना तेव्हा उघडून बघितलं. आत नियमांच्या कागदाखाली एक चिठ्ठी होती. या खेळात तुम्हाला काही नवं सुचलं, नवे नियम, नवे पत्ते, तर आम्हाला पाठवा; निवडलेल्या कल्पनेच्या जनकाचं नाव आम्ही खोक्यावर छापू. असल्या चिठ्ठ्या आपण वाचतसुद्धा नाही. चाचांनी ती पाकिटात घातली, आणि मी तिथं गेले तोवर तिच्या घड्या झिजून चार तुकडे झाले होते.

खोक्यावर नाव. ही गोष्ट त्यांच्या मनात किती खोल गेली होती ते मला उशिरा कळलं. विश्रामगृहात एक जाडजूड रजिस्टर असायचं, भरलं की दुसरं. आला गेला प्रत्येक पाहुणा त्यात आपलं नाव, गाव, हुद्दा लिहायचा, आणि जाताना अभिप्राय. तीस वर्षांच्या त्या रजिस्टरांमध्ये 'खानसाम्याच्या हातची आमटी उत्तम' हे वाक्य शेकडो वेळा होतं. खानसाम्याचं नाव एकदाही नव्हतं. चाचांनी मला हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. एकदा धूळ झटकताना म्हणाले, सगळी रजिस्टरं शोधली, पर आपुन कुठं न्हाई. आणि पुन्हा झटकायला लागले.

अशा नव्या नियमांना कंपनीच्या चिठ्ठीत 'एक्स्पान्शन' असा इंग्रजी शब्द होता, चाचा त्याला 'पुरवणी' म्हणायचे. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की आपण पुरवणी मागतो, तशी खेळाला लावायची पुरवणी. बारीक चणीचा, पांढऱ्या शर्टाचा हा माणूस दुपारी भांडी आवरली की व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत डोळे मिटायचा. नियम त्यांना झोपेत सुचायचे. तेही अर्धेच. जाग आली की जेवणाच्या ऑर्डरीची चिठ्ठी घेऊन तिच्या पाठीवर ते उतरवायचे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दुसऱ्या दुपारची वाट बघायचे. मी एकदा विचारलं, उद्या दुसरंच स्वप्न पडलं तर? ते म्हणाले, वस्ती तीच हाय, जाईल कुठं.

त्या चिठ्ठ्या टाईप करून कंपनीला मेल करायचं काम माझ्याकडं आलं, कारण ऑफिसात मराठीचं इंग्रजी करू शकणारी मी एकटीच असल्याची माझी ख्याती होती. एकदा माझी चूक झाली. चिठ्ठीची भलतीच बाजू समोर आली आणि चौथा नियम म्हणून मी 'चार थाळ्या, एक बिनतिखट' असं पाठवून दिलं. बिनतिखट थाळी कोणत्या घराला मिळते, असं कंपनीनं अदबीनं विचारलं. मी ओशाळले. चाचा मात्र दोन दिवस त्यावर विचार करत होते, कारण वस्तीत एक तरी म्हातारं माणूस असणार आणि त्याला तिखट चालणार नाही.

त्यांची पहिली पुरवणी पाहुण्यांची होती. पाहुण्याचा पत्ता निघाला की ज्याच्या दारात पाहुणा आला त्यानं आपलं धान्य त्याला द्यायचं, आणि पाहुणा जेवून उठेपर्यंत बाकी कुणी चाल करायची नाही. कंपनीनं कळवलं की कल्पना गोड आहे, पण खेळ रेंगाळतो. चाचांना हे पटेना. पाहुणा आल्यावर रेंगाळणारच की, ते म्हणाले. दुसरी पुरवणी पायवाटांची. त्यांच्या नियमानं कुठलीही वाट दोन चौकोनांहून जास्त सरळ जाऊ शकत नव्हती, तिसऱ्याला वळण आलंच पाहिजे. आम्ही ती खेळून बघितली तेव्हा दीड तासानं माझी वाट होती त्याच विहिरीपाशी परत आली. डोंगरात जन्मलेल्या माणसाला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. कंपनीनं तीही नाकारली, आणि त्या संध्याकाळी चाचा आमटीत मीठ घालायला विसरले.

तिथल्या माझ्या दुसऱ्या थंडीतली गोष्ट. दुपारी मी व्हरांड्यात फायली चाळत होते आणि टेबलावरचा पेला आपोआप किणकिणायला लागला. पायाखालून कुणीतरी जड पेटी ओढत नेल्यासारखं वाटलं. मी चपला टाकून अंगणात पळाले. चाचा स्वयंपाकघराच्या दारात पळी हातात धरून उभे होते, मान जरा तिरकी. सगळी कॉलनी चिडीचूप झाली होती, कुत्रीसुद्धा. मग खालच्या क्वार्टरांमधून एका बाईचा आवाज आला. ती नावं घेत होती. एकेका नावाला कुठून कुठून 'हाय' असं उत्तर येत होतं, परसातून, नळावरून, गच्चीवरून. सगळी उत्तरं आली आणि कुकरच्या शिट्ट्या, रेडिओ, भांडणं जिथं थांबली होती तिथून पुन्हा सुरू झाली.

चाचा म्हणाले, तीन पॉइंट दोन. कोयनेचा प्रत्येक माणूस हादऱ्याचा आकडा असा तोंडावर सांगतो. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा आला तेव्हा त्यांचा अंदाज एका दशांशानं चुकला होता आणि त्याचं त्यांना दिवसभर वाईट वाटत होतं.

हादरा बसला त्या दुपारी मी अंगणातून आत यायला तयार नव्हते. त्यांनी मला साखर चारली आणि शेजारच्या पायरीवर बसून, कधी नव्हे ते, स्वतःबद्दल बोलले. मोठा भूकंप झाला तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे. पहाटेचा अंधार, धूळ, काही दिसत नव्हतं. घर कसं पडलं ते त्यांना अजिबात आठवत नाही. आठवतात त्या हाका.

"पडणं अर्ध्या मिनिटाचं, ताई. हाका मारणं उजाडंस्तवर. आई पाच नावं घेत हुती." त्यांनी पायरीवरचं एक पान उचलून बाजूला ठेवलं. "चार हाय आलं."

पाचवं कुणाचं, हे मी विचारलं नाही. आजही मला ठाऊक नाही.

चार दुपारी झोपून त्यांनी हादऱ्याची पुरवणी पुरी केली. इतका छोटा नियम त्यांनी कधी लिहिला नव्हता. हादऱ्याचा पत्ता निघाला की सगळ्यांनी पटावरून हात काढायचे. मनातल्या मनात दहा मोजायचे. मग प्रत्येकानं आपल्या डावीकडच्या खेळाडूला नावानं हाक मारायची आणि त्यानं 'हाय' म्हणायचं. सगळ्यांचे हाय आले की खेळ जिथं होता तिथून पुढं. मी वाचून म्हटलं, चाचा, यात काही होतच नाही. हादरा आला आणि काहीच झालं नाही, असा कुठं खेळ असतो? त्यांनी माझ्याकडं अशा काही नजरेनं बघितलं की मी मुकाट्यानं टाईप करायला घेतलं.

कंपनीची अट होती की अनोळखी लोकांनी नुसते नियम वाचून खेळावं आणि ज्यानं ते लिहिले त्यानं तोंड उघडू नये. विश्रामगृहात अनोळखी लोकांना काय तोटा. नाशिककडच्या एका कुटुंबाला चाचांनी पट मांडून दिला आणि स्वतः चहाचा ट्रे घेऊन दारात उभे राहिले. पाहुण्यांनी नियम उलटा वाचला आणि उजवीकडच्याला हाका मारायला लागले. चाचांनी कप बशीत जरा जोरात ठेवला. पाहुण्यांनी वर बघितलं, पुन्हा वाचलं. पुढं प्रत्येक शंकेला ते लोक नियमाकडं न बघता चाचांच्या कपबशीकडं बघायला लागले, आणि चहा तसाच गार झाला. अहवालात चाचांनी मला लिहायला लावलं की एकदा मी कप वाजवला, ती चूक माझी. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. दहा मोजताना त्या कुटुंबातल्या आजोबांनी नातीचा हात धरला होता. तसा नियम नव्हता.

कंपनीचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. मी ते व्हरांड्यात वाचून दाखवलं. त्यांच्या लोकांना ती शांतता फार आवडली होती, पुरवणी छापायचं ठरत होतं, फक्त दोन बदल हवे होते. हाका मारण्यानं खेळाची लय तुटते, ते काढायचं. आणि हादऱ्याला परिणाम हवा. पत्ता निघाला की त्या खेळाडूनं टेबलाच्या कडेवर मूठ आपटायची, जी घरं पडतील ती खेळातून बाद. हे मान्य असेल तर खोक्यावर नाव: इब्राहिम दस्तगीर मुजावर, कोयनानगर.

चाचांनी नावाची ओळ मला तीनदा वाचायला लावली. मग दरीकडं बघत राहिले. मला त्यांची घालमेल दिसत होती आणि मीच पुढं होऊन म्हणाले, चाचा, लाकडाची घरं आहेत, कुणाला लागणार आहे? आज हे आठवलं की माझी मला लाज वाटते. ते म्हणाले, व्हय, लिवा त्यांना, पाडतो म्हणावं. संध्याकाळी त्यांनी सगळ्या ऑफिसला शिरा खाऊ घातला. आपल्या खानसाम्याचं नाव छापून येणार म्हणून कॉलनीत तो एकच विषय होता. वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना खोकं कधी येणार विचारायचे, आणि चाचा लाजून आत जायचे.

तोवर माझी सांगलीला बदली झाली होती. करारावर सह्या करायला कंपनीनं त्यांना सांगलीतच बोलावलं, तिथं खेळण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मी स्टँडवर घ्यायला गेले. चाचा कोट घालून उतरले. कोट त्यांचा नव्हता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. माझ्या स्कूटरवर मागं बसून ते वाटेतल्या दुकानांच्या पाट्यांवरची नावं वाचत होते.

कंपनीचा माणूस, चिन्मय, चांगला मुलगा होता. त्यानं खुर्ची ओढून दिली, कागद पुढं ठेवला. वर टाईप केलेलं नाव. चाचांनी त्यावरून बोट फिरवलं, हुद्दा लिहायला जागा आहे का ते बघितलं, जागा नव्हती. सहीआधी एक डाव होऊ दे, चिन्मय म्हणाला, फोटो काढू. त्याची सहकारी रेवा, तो, मी आणि चाचा असे चौघं बसलो. वस्ती हळूहळू उभी राहिली. चाचांनी निळं घर विहिरीजवळ ठेवलं आणि माझ्याकडं बघून हसले. मग हादऱ्याचा पत्ता निघाला, आणि तो त्यांच्याच हातात आला.

त्यांनी तो मोठ्यानं वाचला. मूठ वळली, उचलली. आम्ही तिघं घरांकडं बघत होतो. मूठ खाली आली, पण कडेपाशी येता येता उघडली, आणि त्यांनी दोन्ही तळहातांनी टेबल घट्ट धरलं. टेबल हलत नव्हतंच. तरी ते त्याला थोपवून धरल्यासारखे धरून बसले. चिन्मयला वाटलं, हे फोटोसाठी आहे. तो हसला आणि म्हणाला, छान, आता खरं आपटा. चाचांनी पुन्हा मूठ उचलली. पुन्हा तेच झालं.

"हात ऐकंना, ताई," ते मला म्हणाले.

मी आपटते, मी म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाजूच्या स्टॉलवर चावीची माकडं टाळ्या पिटत होती. मग चाचांनी डावीकडं वळून हळूच हाक मारली, "चिन्मयदादा." तो म्हणाला, हो, बोला ना. चाचा वाट बघत राहिले. रेवानं जुने नियम वाचलेले असावेत. तिनं त्याला कोपरानं ढोसलं आणि तो अडखळत 'हाय' म्हणाला. त्यानं रेवाला हाक मारली. तिनं मला. मी हाय म्हणाले, आणि आता पाळी माझी होती. माझ्या डावीकडं चाचा होते. इतक्या वर्षांत मी त्यांना कायम नुसतं चाचा, नाहीतर आडनावानं हाक मारली होती.

"इब्राहिमचाचा," मी म्हणाले.

"हाय," ते म्हणाले. आणि त्यांनी तो कागद उचलून, घडी पडणार नाही अशा बेतानं, चिन्मयच्या पुढं ठेवला. "ऱ्हाऊ द्या, दादा. माझ्या नावाखाली घरं पडायला नगंत."

चिन्मयनं मनापासून समजावलं. त्याच्या एकट्याच्या हातात काही नाही, वरच्यांचं ठरलेलं आहे, एवढं जमवा. चाचा त्याचं सगळं ऐकून घेत होते आणि एकीकडं पटावरची घरं एकेक करून खोक्यात ठेवत होते. शेवटी तोही घरं गोळा करू लागला. ती पुरवणी पुढं निघाली नाही.

मला राग आला होता. स्टँडकडं जाताना मी त्यांना बरंच काही सुनावलं. एवढी वर्षं, एवढ्या दुपारी, कॉलनीला काय सांगणार तुम्ही? त्यांनी हळदीच्या पेठेपाशी स्कूटर थांबवायला सांगितली, विश्रामगृहासाठी अर्धा किलो हळद घेतली, चिमूटभर तळहातावर घेऊन वास घेतला आणि म्हणाले, ह्यो वास आमच्याकडं पोचंस्तवर निम्मा हुतो.

त्यानंतर आमची गाठ पडली नाही. निवृत्त होऊन ते शिरवळला मुलीकडं राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला, अब्बा गेले म्हणून. मी काय बोलले ते आठवत नाही. कबरीवर नाव लिहिणार असाल तर पूर्ण लिहा, असं म्हणाले बहुतेक.

मला ते दिसतात ते त्या दिवशी सांगलीच्या स्टँडवरचे. कराडची गाडी लागली होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली, मांडीवर हळदीची पुडी, बाह्या लांब. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं आणि सगळी गाडी थरथरायला लागली, खिडकीची काच खडखड वाजू लागली. चाचांनी तळहात काचेवर टेकवला. मला वाटलं, निरोपाचा हात आहे, म्हणून मी माझाही हात वर केला आणि हलवला. पण त्यांचा हात हलत नव्हता. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ते काच धरून होते.